नाकतोड्या चिमण्यांची मोजणी

टोर्डोच्या जुन्या माणसांत लोर्ना किटरेजना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या त्या 'बाई'. गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत त्यांनी चोवीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. पुढे पोरंच उरली नाहीत आणि शाळेला कुलूप लागलं. मग ट्यूसन शहरातून आलेल्या एका जोडप्यानं तिथं कुंभारकामाची भट्टी घातली. पण बाई त्या बाईच राहिल्या.

गाव त्यांच्या डोळ्यांदेखत बदललं. चाऱ्याच्या दुकानात कॉफी मिळायला लागली. पेंढ्या तोलायचा काटा तेवढा कोपऱ्यात ठेवला होता, त्यावर उभं राहून पाहुणे फोटो काढून घेत. रेल्वे बंद झाल्यावर उरलेल्या स्टेशनात चित्रं लागली. लोहाराचा नातू नालांऐवजी भंगारातून लोखंडी रानडुकरं जोडायला लागला, आणि ती डुकरं त्याच्या आज्यानं आयुष्यभर ठोकलेल्या नालांपेक्षा जास्त खपली. रविवारी रस्त्यावर गुरांच्या ट्रेलरपेक्षा पाहुण्यांच्या गाड्या जास्त दिसायच्या.

या बदलाचा बाईंना राग नव्हता. नवरा डेल वारल्यावर रिकामा वेळ खायला उठायचा, तो या पाहुण्यांनीच भरला. सकाळी पाखरं आणि दुपारी गाव, असा त्यांचा शिरस्ता. पहाटे ओढ्याकाठच्या कॉटनवुडच्या झाडांखाली करडा ससाणा दाखवायचा, लालभडक माशीमार दाखवायचा. दुपारी उन्हं कलली की चित्रं, भांडी, रानडुकरं. मधल्या वेळात कॉफी. "डोकं वर करून चाला," त्या पाहुण्यांना सांगत, "फक्त ओढ्यात मात्र खाली बघा, तिथं साप असतात." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की कॉफीवाला तो ऐकू आला नाही तरी हसायचा.

पण बाईंचा खरा जीव होता नाकतोड्या चिमणीवर. दिसायला अगदी सामान्य. मातकट रंग, चपटं डोकं, शेपूट तोडल्यासारखी आखूड. उडण्यापेक्षा गवतातून उंदरासारखी पळते, म्हणून डोळ्यांनी मोजायला जाल तर फसाल. तिची ओळख आवाजावर. नाकतोड्यासारखी बारीक किर्रर्र, तीही अशी, की लक्ष नसेल तर गवतच किरकिरतंय असं वाटावं. ही चिमणी जुनं, मोकळं, नीट राखलेलं कुरण सोडून राहत नाही. आणि तसं कुरण त्या भागात एकच होतं, बार्रागानांचं.

युलालिओ बार्रागान, म्हणजे लालो. त्याच्या पणज्यापासून चार पिढ्या त्या गवतावर गुरं चारत आल्या होत्या. थोडी जमीन मालकीची, बाकी सरकारी कुरण, चराईच्या परवान्यावर. बाई सव्वीस वर्षांच्या असताना नव्यानं गावात आल्या, तेव्हा ओढ्याच्या रेतीत रुतलेली त्यांची गाडी घोड्याला दोर बांधून लालोनंच बाहेर काढली होती. नाकतोड्या चिमणी पहिल्यांदा दाखवली तीही त्यानंच. "बाई, हा किडा नाही बरं. याला पंख आहेत आणि बायको पण आहे," असं म्हणाला होता. तेव्हापासून कुरणाच्या फाटकाची किल्ली त्यानं बाईंना देऊन टाकली. नाताळात त्याची बायको ओफेलिया मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमाल्यांचं पातेलं पाठवायची. डेल गेला त्या हिवाळ्यात लालो रोज सकाळी येऊन बाईंच्या शेगडीत लाकडं घालून जायचा. बोलायचा काही नाही. लाकडं घालायचा, टोपी उचलायचा आणि जायचा.

१९८९ पासून बाईंनी मोजणी सुरू केली. जुलैअखेर गवत गुडघ्याला लागलं की पहाटे कुरणातल्या रस्त्यावर दहा ठिकाणी थांबायचं. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं आणि ऐकू येईल ती प्रत्येक चिमणी वहीत लिहायची. त्यांच्या वह्या म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारख्या, एक खाडाखोड सापडायची नाही. चाळीसच्या आसपास चिमण्या दर वर्षी मिळत. एका वर्षी सेहेचाळीस झाल्या तेव्हा बाईंनी लालोच्या घरी केक नेला होता.

मग एका वर्षी तेहेतीस आल्या. पुढच्या वर्षी सव्वीस. मग सतरा, मग नऊ. पाऊस कमी होता ती वर्षं झाली, बरा होता तीही झाली, आकडा काही वर चढेना. बाईंची झोप उडाली. सरकारी माणसांनी लिहिलेले अहवाल त्या मागवून वाचायला लागल्या. गुरं जास्त झाली की गवत तुटतं, गवत तुटलं की चिमणी जाते, असं प्रत्येक अहवालात होतं.

ज्या वर्षी आकडा चारवर आला, त्या वर्षी वही घेऊन त्या लालोच्या स्वयंपाकघरात गेल्या. ओफेलियानं कॉफी ओतली. लालोनं वही उलटीपालटी करून पाहिली.

"गुरं तेवढीच आहेत, बाई. माझ्या आज्याच्या वेळी जेवढी होती तेवढीच. उलट दहा-वीस कमीच."

"मग चिमण्या गेल्या कुठं?"

"जातील कुठं? आहेत तिथंच आहेत."

"लालो, चार. चाळीसाच्या चार झाल्या."

"हे बघा, उद्या या. घोड्यावर बसा माझ्याबरोबर. खालच्या कुरणात नेतो. बसल्या जागी वीस दाखवतो तुम्हाला."

बाईंना ते लागलं. तीस वर्षांची मोजणी, आणि हा म्हणतो घोड्यावर बसा. "मोजणीची एक पद्धत असते," त्या म्हणाल्या. "कुठंही उभं राहून कशाही मोजल्या तर त्याला अर्थ राहत नाही."

"अहो, पद्धत राहू द्या. नुसत्या या तर खरं. ओफेलिया डबा बांधून देईल."

बाई गेल्या नाहीत. त्या एका पहाटेबद्दल पुढे त्यांनी किती वेळा विचार केला असेल, त्याला मोजदाद नाही.

त्याच सुमाराला लालोच्या चराईच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. सरकारी कार्यालयानं गावात सुनावणी ठेवली. जागा ठरली जुन्या शाळेची मोठी खोली. न भाजलेली भांडी फळ्यांवर सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर अजून बाईंच्या काळातला फळा होता. गावातले नवे लोक झाडून आले. त्यांत सगळ्यांत पुढे जोलीन वायकॉफ. ती स्टेशनातली गॅलरी चालवायची. बाईंच्या आकड्यांवरून तिनं तारेच्या बारीक पाखरांची एक मोठी झालर केली होती. दर वर्षाची एक रांग, आणि प्रत्येक रांगेत पाखरं कमी कमी होत गेलेली. ती झालर पाहून ट्यूसनच्या बायका रडल्या होत्या.

बाई उठल्या आणि वही उघडून एकेक वर्ष वाचत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मला लालोविरुद्ध काही बोलायचं नाही. पण वही खोटं बोलत नाही."

मग लालो उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, टोपी दोन्ही हातांत धरलेली. "मला कागदावरचं कळत नाही," तो म्हणाला. "पण चिमण्या आहेत. रोज पहाटे मी ऐकतो त्यांना."

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं. ज्या खोलीत त्यांनी चोवीस वर्षं शिकवलं, त्या खोलीचाच तो गुण असेल. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला सांगावं त्या सुरात त्या म्हणाल्या, "लालो, तू ऐकतोस ते नाकतोडे असतात."

खोली हसली. दुष्टपणानं नाही, पण हसली. मागच्या रांगेत लालोचा मुलगा रामिरो बसला होता. त्याच खोलीत तो वाचायला शिकला होता. तो हसला नाही. लालोनं क्षणभर बाईंकडे पाहिलं, मग हातातली टोपी डोक्यावर चढवली आणि खाली बसला. छताखाली त्यानं टोपी घातलेली बाईंनी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

परवान्यावरची गुरं निम्म्याहून कमी झाली. एवढ्याशा गुरांवर घर चालत नाही, हे ज्यांनी गुरं राखली आहेत त्यांना सांगायला नको. दीड वर्ष लालोनं ओढून नेलं. मग मालकीची जमीन विकली आणि दोघं नवरा-बायको ट्यूसनला रामिरोच्या घरी राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी गावात कुणाचा निरोप घेतला नाही. बाईंच्या पत्रपेटीत एके दिवशी एक कोरं पाकीट सापडलं. आत फाटकाची नवी किल्ली होती, कारण नव्या मालकानं कुलूप बदललं होतं. चिठ्ठी नव्हती, पण पाकीट लालोशिवाय कुणाचं असणार?

बाईंना वाईट वाटलं, पण ज्यात आपली चूक नाही त्याचं वाटावं तसं. गुरं कमी झाली, आता चिमण्या परततील, असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. पहिल्या वर्षी दोन मोजल्या. दुसऱ्या वर्षी एकही नाही. "वेळ लागतो," त्या म्हणायच्या. "गवताची जखम भरायला वेळ लागतो."

त्या सत्तर वर्षांच्या झाल्या त्या उन्हाळ्यात गावात ब्रिन ओडेगार्ड आली. ही मिनेसोटाची, चाळिशीची, उंच आणि कमी बोलणारी बाई. पियानो सुरात लावण्याचं काम करायची. टोर्डोत संगीताचा एक छोटा उत्सव भरत असे, तिथले दोन पियानो लावायला तिला बोलावलं होतं. काम संपवून तिनं बाईंना विचारलं, एक सकाळ पाखरं दाखवाल का? आदल्या दुपारी बाईंनी तिला गाव फिरवून दाखवलं होतं. तारेच्या झालरीसमोर ब्रिन बराच वेळ उभी होती, आणि तेव्हाच तिनं ठरवलं की ते कुरण बघायचं.

पहाटे दोघी निघाल्या. फाटक उघडून बाईंनी गाडी आत घेतली. पहिल्या थांब्यावर उतरून त्या नेहमीचं सांगायला लागल्या, इथं पूर्वी एका जागेवर पाच-पाच चिमण्या असत वगैरे. ब्रिन मान तिरकी करून उभी होती.

"अजून आहेत की," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही सांगितलेलाच आवाज ना? नाकतोड्यासारखा? एक त्या खांबाकडे आहे. एक इकडे डावीकडे. आणि मागं दोन. एकमेकांना उत्तर देताहेत. डावीकडचा जरा वरच्या सुरात आहे."

बाई हसल्या. "किडे आहेत ते. सुरुवातीला सगळ्यांचीच फसगत होते."

"नाही हो," ब्रिन म्हणाली. तिच्या बोलण्यात वाद नव्हता. बिघडलेली तार दाखवावी तसं तिनं बोट दाखवलं. "किडा असा थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नाही. ते बघा ना, त्या तारेवर."

बाईंनी दुर्बीण उचलली. कुंपणाच्या काटेरी तारेवर, वीस पावलांवर, ती बसली होती. चपटं डोकं, आखूड शेपूट, पापणीजवळ पिवळा ठिपका. मान मागं टाकली होती, चोच आ वासून उघडलेली, गळा थरथरत होता. अंगातला सगळा जीव लावून ती गात होती.

बाईंना काही ऐकू आलं नाही.

डोमकावळा ऐकू येत होता. लांबचं गाईचं हंबरणं ऐकू येत होतं. ब्रिनचा श्वास ऐकू येत होता. आणि दुर्बिणीतली ती चिमणी नुसतीच चोच उघडत होती, मिटत होती.

"बाकीच्या थांब्यांवर जाऊ या," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

दहाही थांबे झाले. वही ब्रिननं धरली. एकोणचाळीस. परत येताना बाई गाडी चालवत होत्या आणि ब्रिन मांडीवर वही घेऊन बसली होती. फाटकाशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "आमच्या धंद्यात म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. वरचे सूर आधी जातात. खालचं सगळं नीट ऐकू येतं, म्हणून कळत नाही."

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"तुमचं मी कसं सांगू?"

ते ट्यूसनमधल्या कानाच्या डॉक्टरनं सांगितलं. त्यांना डब्यासारख्या खोलीत बसवून आवाज ऐकवले, ऐकू आला की बटण दाबा म्हणाला. मग कागदावरची एक रेघ दाखवली. बऱ्याच अंतरापर्यंत सरळ जाऊन कड्यावरून पडावी तशी ती खाली गेली होती. "हे एका दिवसात झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "दहा-बारा वर्षांपासून हळूहळू चाललं असेल. बोलणं तुम्हाला छान ऐकू येतं, काळजीचं काही नाही. यंत्र देतो, पण इतक्या वरचं त्यानंही परत येईल असं नाही."

काळजीचं काही नाही! बाई दवाखान्याच्या आवारात गाडीत दोन तास बसून होत्या. वह्या त्यांना तोंडपाठ होत्या. नुसत्या चिमण्याच नाहीत, हमिंगबर्डांची टिचटिचही त्यांनी 'घटली' म्हणून लिहिली होती. सगळी दुनिया एकेक करून त्यांच्यासाठी गप्प होत होती, आणि त्या प्रामाणिकपणे, एकही खाडाखोड न करता, दुनियाच मरतेय असं लिहीत होत्या.

रामिरोचं घर तिथून वीस मिनिटांवर होतं. एकसारख्या घरांची ओळ, मागं चार खाटांएवढं अंगण. लालो त्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पायात बूट होते, तेच गुरांमागचे, पण पॉलिश केलेले. अंगानं वाळला होता. बाईंना पाहून उठला.

"बसा, बाई."

बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. ब्रिन, तारेवरची चिमणी, डॉक्टरचा कागद. कागद पुढे केला. लालोनं तो घेतला नाही.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या. "लालो, तिथं एकोणचाळीस आहेत."

"असतील."

"त्या कधी गेल्याच नव्हत्या."

"मला ठाऊक आहे. मी सांगितलं होतं की."

लालोनं कुंपणापलीकडच्या भिंतीकडे पाहिलं.

"मलाच वाटायला लागलं होतं हो," तो म्हणाला. "त्या दिवसानंतर. घोड्यावर असायचो, चिमणी गायची, आणि मला वाटायचं, नाकतोडाच असेल. बाई म्हणाल्या ना. बाईंना आपल्यापेक्षा जास्त कळतं." तो थोडा हसला. "शेवटी शेवटी मी ऐकणंच सोडलं होतं."

"मी कार्यालयाला लिहिते. माझी सगळी नोंद रद्द करा म्हणते. परवाना परत..."

"कुणाला देतील परवाना? मला? आणि गुरं कुठं बांधू? इथं?" त्यानं अंगणाकडे हात केला. राग त्याच्या आवाजात नव्हता, आणि तेच बाईंना सहन होईना. "जा आता. ओफेलिया येईल दुकानातून. तिला नाही आवडायचं."

बाईंनी कार्यालयाला लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सदर निर्णय त्या वेळी उपलब्ध माहितीवर आधारित होता. जमीन हस्तांतरित झाली असल्यानं या विषयी पुढील कार्यवाहीचं कारण उरत नाही. सही कुणा नव्या माणसाची होती.

मग त्या जोलीनकडे गेल्या. झालर उतरव, म्हणाल्या.

जोलीननं त्यांना बसवलं, हात हातात घेतला. "लोर्ना, तू किती सोसलं असशील! पण ऐक. आकडे चुकले असतील. मुद्दा तर चुकीचा नाही ना? कुरणं संपतच आहेत. जगभर पाखरं कमी होतच आहेत."

"त्याच्या कुरणातली नव्हती झाली."

"हो, पण कलाकृती काही एका कुरणाबद्दल नसते गं."

"तिच्याखाली त्याचं नाव आहे, जोलीन. बार्रागान कुरण, आणि खाली वर्षं लिहिली आहेत."

"ती पट्टी काढते मी," जोलीन म्हणाली. तिनं खरंच पट्टी काढली. झालर राहिली.

गावच्या मासिक पत्रकात बाईंनी एक पान लिहून दिलं. काय झालं, कुणाचं चुकलं, साध्या शब्दांत, कारणं न देता. छापून आलं त्या आठवड्यात कॉफीच्या दुकानात चार-पाच जणींनी त्यांना मिठी मारली. "केवढं धैर्य!" असं म्हणाल्या. कुणीतरी त्यांच्यासाठी घरी केक भाजून आणून ठेवला. शिव्या घातल्या त्या एकट्या म्हाताऱ्या टेओफिलोनं. तो एकेकाळी लालोकडे गुरं राखायचा. पोस्टासमोर त्यांच्या पायाजवळ थुंकून तो म्हणाला, "आता लिहिताय होय? आता?" घरी येऊन बाईंना वाटलं, दिवसभरात खरं बोलला तो एवढाच.

नव्या मालकानं पुढच्या हिवाळ्यात लालोच्या जमिनीचे तुकडे पाडले. चाळीस-चाळीस एकरांचा एकेक, 'कलावंतांसाठी निवांत घरं' अशी पाटी लागली. यंत्रं आली, गवतातून रस्ते खरवडले गेले. पाट्यांवर चिमणीचं चित्र होतं. बाईंनीच पूर्वी पाहुण्यांसाठी छापलेल्या माहितीपत्रकातून घेतलेलं.

जुलैत ब्रिन सुटी काढून आली. तिनं मोजलं, बाईंनी गाडी चालवली. अठरा. त्यातल्या सोळा सरकारी हद्दीत. लालोच्या जमिनीवर सहा थांबे होते, तिथं दोन. ब्रिननं आकडा सांगितला आणि वही पुढे केली. बाईंनी लिहिलं नाही.

"तूच लिही," त्या म्हणाल्या. "आणि वही घेऊन जा. जुन्या सगळ्याही ने. त्यांवर मोठ्या अक्षरांत लिही, यावर विश्वास ठेवू नका."

"सगळ्या खोट्या नाहीत, लोर्ना. आधीची वीस वर्षं..."

"कुठवर खऱ्या आणि कुठून खोट्या ते मला सांगता येईल का? नाही येणार. मग?"

ब्रिननं वह्या नेल्या. बाईंनी पाहुणे घेणं बंद केलं. दारावरची पाटी काढली तेव्हा तिच्यामागं रंगाचा फिकट चौकोन उरला. तो रंगवून घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण राहून गेलं.

लालो फेब्रुवारीत गेला. हृदय बंद पडलं, दाढी करताना. बाईंना कळलं ते पोस्टातल्या बाईकडून, तीन दिवसांनी. त्या ट्यूसनला गेल्या. चर्चच्या दारात रामिरो उभा होता, पन्नाशीला आलेला, बापासारखेच खांदे. त्यानं बाईंना ओळखलं, हात पुढे केला.

"बाई. इतक्या लांबून आलात."

"रामिरो, मला फक्त मागं बसू दे."

त्यानं खाली पाहिलं. लहानपणी उत्तर येत नसलं की तो असाच पाहायचा. "आई आत आहे, बाई. तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल. मी तुम्हाला जा म्हणत नाही. पण आत नको."

बाई बाहेर थांबल्या. आवारात एक बाक होता, पण त्यावर बसणं त्यांना बरं दिसेना. सगळी प्रार्थना होईपर्यंत, तासभर, त्या गाड्यांच्या रांगेपाशी उभ्या होत्या. लोक बाहेर आले. टोर्डोचे फारसे कुणी नव्हते. टेओफिलो होता, त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सगळ्यांत शेवटी ओफेलिया आली, सुनेचा हात धरून. बाईंसमोर ती थांबली.

बाईंनी पाठ केलेलं वाक्य होतं. ते सोडून त्यांनी नुसती मान झुकवली.

ओफेलिया त्यांच्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "हॉलमध्ये जेवण आहे," ती म्हणाली. "लांबून आलात. जेवून जा."

ही माफी होती, की दाराशी आलेल्या कुणालाही उपाशी न पाठवण्याची त्या घरची रीत, ते बाईंना कळलं नाही, आणि विचारण्याची सोय नव्हती. त्या हॉलमध्ये गेल्या. कागदी ताटलीत कुणीतरी राजमा, लाल मिरचीतलं मांस आणि दोन तोर्तिया वाढल्या. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती, तिथं त्या बसल्या. हॉल भरला, माणसं ताटल्या घेऊन उभी राहिली, भिंतीला टेकली, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी आलं नाही. बाईंनी सगळं खाल्लं, ताटली पुसून घेतली, ती केराच्या डब्यात टाकली, आणि उजेड असेतो घरी पोहोचावं म्हणून गाडीकडे निघाल्या.